आजी दिसत होती, पण चाळीस मिनिटांपूर्वीची

(ताज्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकताना आकडे टिपून घ्यायचे राहिले, त्यांच्यासाठी. बोलण्यातली थोडी अडखळ काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

रत्नागिरीतून बोलतोय. बाहेर पाऊस धरून आहे, पत्र्याचा आवाज मधेमधे येईल, तेवढा सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे कॅमेरा. रील काढायचा नाही हं. घराच्या पडवीत, दुकानाच्या गल्ल्यावर, कलमांच्या बागेच्या बेड्यावर लावतात तो. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मोबाईलमध्ये तरी असं एखादं ॲप असेलच. मुंबईत, पुण्यात बसून गावचं घर बघायचं, आईबाबा काय करतायत बघायचं. आणि तुम्ही कधीतरी म्हणाला असाल, "च्यायला, हे लोडच होत नाही." आज त्या 'लोड होत नाही'बद्दल बोलू. पण त्याहून वाईट एक गोष्ट असते. लोड झालंय असं वाटतं, आणि झालेलं नसतं. ती माझ्याबाबतीत घडली, म्हणून हा भाग.

मी कॅमेरे बसवायची कामं करतो. मी आणि एक मित्र, दोघंच. शिडी, ड्रिल आणि वायरचं बंडल, एवढा आमचा संसार. आजी राहते पावसच्या रस्त्याला, गोळपच्या पुढे. एकटीच राहते. शहरात ये म्हटलं तर म्हणते, "तिथं येऊन करू काय? भिंती बघू?" म्हणून तिच्या पडवीत मीच कॅमेरा लावला. स्वतःच्या हातानं. हे लक्षात ठेवा, पुढे कुणाला दोष द्यायची सोय नाही.

झालं असं. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट, आषाढ चालू होता. संध्याकाळी साडेपाचला मारुती मंदिराजवळ एका दुकानाच्या आडोशाला गाडी लावली आणि फोन उघडला. आजी पडवीत बसलेली, पुढ्यात सूप, फणसाच्या आठळ्या सोलतेय. बरं वाटलं. फोन खिशात टाकला आणि पुढच्या कामाला गेलो. पावणेसहाला शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, तुझी आजी पाखाडीवर घसरून पडलीय. बराच वेळ तशीच होती वाटतं. लवकर ये."

पाच वाजता ती मागीलदारी सुकी लाकडं आणायला गेली होती. पायऱ्यांवर शेवाळ. मनगट मोडलं. मी साडेपाचला फोनवर जी आजी बघितली, ती चार-पन्नासची होती.

प्लॅस्टर घालून झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुझ्या त्या डब्यात मी दिसत होते ना? मग आलास का नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी कॅमेऱ्याचं काम वेगळ्या पद्धतीनं करायला लागलो. ते सगळं आज तुम्हाला सांगतो.

आधी हे समजून घेऊ की माझं नेमकं चुकलं कुठे. चार-पन्नासला मी एकदा ॲप उघडून बघितलं होतं. बऱ्याच ॲपची सवय अशी असते की बंद करताना ती शेवटचं चित्र जपून ठेवतात. पुढच्या वेळी उघडलं की आधी ते जुनं चित्र दाखवतात आणि मागून जिवंत चित्र आणतात, म्हणजे आपल्याला काळा पडदा दिसू नये. हेतू चांगला आहे. पण त्या दिवशी मधल्या वेळात लाईट क्षणभर गेली आणि आली. आपल्याकडे पावसात ती जातेच. राऊटर बंद होऊन चालू झाला. कॅमेरा वायफायवर होता, पडवीच्या पार टोकाला, मधे जांभ्याच्या दोन भिंती. त्याला राऊटर परत सापडेना. मागून जिवंत चित्र आलंच नाही, आणि मी जुनं चित्र बघून समाधान मानलं. कोपऱ्यात एक बारीक चकरी फिरत असणार. पावसाच्या थेंबांनी भरलेल्या स्क्रीनवर ती कोण बघतो?

आणि खरी चूक याच्याही आधीची. कॅमेऱ्याच्या चित्रावर तारीख-वेळ दाखवायची सोय असते. लाईट गेली की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडायचं, थेट १९७० साल दाखवायचं. ते वेडंविद्रं दिसतं म्हणून मी घड्याळ स्क्रीनवरून काढूनच टाकलं होतं. ते असतं तर मला एका नजरेत कळलं असतं की सेकंद हलत नाहीयेत.

म्हणून पहिली गोष्ट, आणि ही फुकट आहे. आत्ता, हा भाग ऐकताना करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रावर तारीख आणि सेकंदासकट वेळ चालू करा. त्याच ठिकाणी 'एनटीपी' नावाची सोय असते, म्हणजे कॅमेरा इंटरनेटवरून स्वतःचं घड्याळ लावून घेतो. ती चालू करा, टाईम झोन साडेपाच तास पुढे ठेवा. मग ॲप उघडलं की माणूस बघायच्या आधी सेकंद बघायचे. सेकंद पळतायत आणि वेळ बरोबर आहे, तरच चित्र खरं.

थोडा इतिहास सांगतो, मजेशीर आहे. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कम्प्युटर लॅबमध्ये काही मंडळींनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला. का, तर दुसऱ्या मजल्यावरून चालत यायचं आणि भांडं रिकामं निघायचं. १९९३ साली तो वेबवर आला आणि जगभर प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये बंद केला. त्यांचं चित्र शिळं निघालं तर एक फेरी फुकट जायची, एवढंच. आपण मात्र त्याच कल्पनेवर म्हातारी माणसं, दुकानं, बागा सोपवल्या आहेत. शिळं चित्र आपल्याला महाग पडतं.

आता चित्र कॅमेऱ्यातून फोनपर्यंत येतं कसं? हे कळलं की ते कुठे अडकतं तेही कळतं.

कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाही. तसं केलं तर कुठलंच नेट पुरणार नाही. तो एक फ्रेम पूर्ण पाठवतो, तिला आय-फ्रेम म्हणतात. त्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त बदल पाठवतो. समजा, तुम्ही फोनवर मला अंगणाचं वर्णन सांगताय. एकदा सगळं सांगितलंत: तुळस इथे, विहीर तिथे, दोरीवर कपडे. मग फक्त "मांजर आलं", "मांजर गेलं". आता पहिलं वर्णनच मला ऐकू आलं नाही, तर "मांजर गेलं" ऐकून मी काय समजणार? चित्र राखाडी होतं, चौकोन-चौकोन फुटतात, ते यामुळे. पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत ते तसंच राहतं. म्हणून सेटिंगमध्ये 'आय-फ्रेम इंटरव्हल' बघा. सेकंदाला १५ फ्रेम असतील तर तिथे ३० ठेवा, म्हणजे दर दोन सेकंदांनी पूर्ण चित्र येईल. काही कॅमेऱ्यांत तो आकडा बराच मोठा ठेवलेला असतो, मग एकदा फुटलेलं चित्र जुळायला वेळ लागतो.

दुसरं, वाहतूक. बहुतेक आयपी कॅमेरे 'आरटीएसपी' नावाच्या पद्धतीनं बोलतात. ती १९९८ साली ठरली. गंमत म्हणजे आरटीएसपी स्वतः चित्र वाहत नाही. ती रिमोटसारखी आहे: चालू कर, थांबव. चित्र येतं दोनपैकी एका वाटेनं, यूडीपी किंवा टीसीपी. यूडीपी म्हणजे साधं पोस्ट. टाकलं पेटीत, पोचलं तर पोचलं. टीसीपी म्हणजे पोचपावतीचं पत्र. हरवलं तर परत पाठवणार, भले उशीर होवो. घरात पक्की वायर असेल तर यूडीपी झकास. वायफाय डळमळीत असेल तर टीसीपी निवडा. चित्र जरा मागे राहील, पण फुटणार नाही. व्हीएलसीमधून बघत असाल तर तिथेही ही निवड मिळते.

तिसरं, आकडे. 'आठ मेगापिक्सेल, फोर-के' असं दुकानदार सांगतो आणि आपण भुलतो. हिशेब करा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवतो असं धरू. तासाला झाले ९०० एमबी. दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे असतील तर ८६.४ जीबी. म्हणजे एक टीबीची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरली. आणि ते चारही फोनवर बघायचे तर घरातून सतत ८ मेगाबिट बाहेर जायला हवेत. इथे लोक फसतात. स्पीड टेस्ट करतात आणि डाऊनलोडचा आकडा बघतात. कॅमेऱ्याला डाऊनलोडचं काय करायचंय? त्याला अपलोड लागतो. घरी मोबाईल डेटावरचा राऊटर असेल तर अपलोड आणखी कमी, आणि पावसात, गर्दीच्या वेळी त्याहून कमी.

यावर उपाय कॅमेऱ्यातच असतो. जवळपास प्रत्येक आयपी कॅमेरा दोन प्रवाह देतो: मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम. मेन स्ट्रीम घरातल्या रेकॉर्डरला द्या, पूर्ण दर्जाचा. सब स्ट्रीम छोटा ठेवा, ६४० बाय ३६०, अर्धा मेगाबिट, आणि फोनवर तोच बघा. आजी उठली, बसली, चालली, हे कळायला तेवढा पुष्कळ झाला. चोराचा चेहरा बघायचा असेल तेव्हा रेकॉर्डिंगमधून मेन काढता येतो.

चौथी गोष्ट वायर. मी आता कुणालाही सांगतो, कॅमेरा जागचा हलणार नसेल तर वायफाय नको. आपल्या कोकणातली घरं जांभ्याची. जाड चिरा, त्यात पावसाळ्यात ओल मुरलेली. अंगणात आंबा-फणस, ओली पानं. वायफायला हे सगळं आडवं येतं. एप्रिलमध्ये बसवलेला कॅमेरा मस्त चालतो आणि जुलैत रुसतो, तो उगाच नाही.

नेटवर्कची केबल टाका. १०० मीटरपर्यंत ती बिनधास्त चालते. तिच्यातूनच वीजही देता येते, त्याला 'पीओई' म्हणतात. याचं प्रमाण २००३ सालीच ठरलंय, स्विचकडून १५.४ वॅटपर्यंत, आणि साध्या कॅमेऱ्याला ते पुरतं. मात्र केबल घेताना आत शुद्ध तांबं आहे का ते विचारा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. लांब अंतरावर वीज कमी पडते. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की भार वाढतो आणि कॅमेरा बंद-चालू होत बसतो. लोक म्हणतात, रात्री भुताटकी होते. काही नाही, केबल हलकी असते.

आणि आपली खारी हवा! भाट्ये, मांडवी, मिरकरवाडा, कुठेही काम करा, वर्षभरात जोडाच्या पिना हिरव्या पडतात. म्हणून जोड उघडा ठेवायचा नाही, बंद डब्यात घ्यायचा. वायर भिंतीतून आत नेण्याआधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, वायरीवरून चालत आत जात नाही. एवढ्याशा झोळामुळे कितीतरी कॅमेरे वाचतात. आणि महिन्यातून एकदा केरसुणीनं कोळ्याचं जाळं काढा. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि तुमच्या फोनवर रात्रभर 'हालचाल आढळली'. मग आपण सूचनाच बंद करून टाकतो. सूचना बंद म्हणजे कॅमेरा निम्मा बंद.

पाचवी गोष्ट वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे झाले. कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. तशा वेळी कुठलाच कॅमेरा चालणार नाही, ते सोडून द्या. पण रोजची पाच-दहा मिनिटांची ये-जा तरी सांभाळता यायला हवी. राऊटर, फायबरचा डबा, स्विच आणि रेकॉर्डर, चारही एकाच यूपीएसवर घ्या. पीओई असेल तर स्विच चालू म्हणजे कॅमेरेही चालू. राऊटरला बॅकअप आणि कॅमेऱ्याला नाही, किंवा उलटं, असं बऱ्याच घरांत बघतो. साखळीतली एक कडी निसटली की बाकीच्या असून उपयोग नाही.

रेकॉर्डर उंचावर ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते आठवा. गल्ल्याखाली ठेवलेला रेकॉर्डर अशा वेळी पहिला बुडतो. शक्य असेल तर कॅमेऱ्यात मेमरी कार्डही घाला. नेट गेलं, रेकॉर्डर गेला, तरी कॅमेरा स्वतःपाशी नोंद ठेवतो.

सहावी गोष्ट राऊटरमधली. लाईट गेली-आली की राऊटर प्रत्येकाला नवा पत्ता वाटू शकतो. काल कॅमेरा ज्या पत्त्यावर होता, तिथे आज कुणाचातरी मोबाईल बसलेला असतो आणि रेकॉर्डर कॅमेऱ्याला शोधत बसतो. राऊटरमध्ये जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून कॅमेऱ्याचं दार थेट इंटरनेटला उघडून देऊ नका. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात ते हेच. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीनं दिलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता, एवढ्यावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या वेबसाईट तासन्‌तास बंद पाडल्या. तुमच्या पडवीतला कॅमेरा अशा फौजेत भरती होऊ शकतो. पासवर्ड बदला, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर ताजं ठेवा. बाहेरून बघायला कंपनीचं ॲप वापरा, किंवा जमत असेल तर व्हीपीएन.

आता शेवटची गोष्ट. कॅमेरा लावणं वेगळं आणि चालत ठेवणं वेगळं. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. तेवढ्यावर न्यायालय थांबलं नाही. कॅमेरे चालू राहणं, देखभाल आणि रेकॉर्डिंग ही जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची, असं त्यात स्पष्ट केलं. घरालाही हेच लागू आहे. तुमच्या घरचा कॅमेरा चालतोय की नाही, ही जबाबदारी नक्की कुणाची? "सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप आहे" म्हणजे कुणाचीच नाही. एक माणूस ठरवा. त्यानं रोज एकदा सेकंद बघायचे आणि आठवड्यातून एकदा कालचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं. रेकॉर्डरमध्ये 'व्हिडिओ लॉस' नावाची सूचना असते, ती चालू ठेवायची. आणि कॅमेरा पिंगला उत्तर देतोय म्हणून निर्धास्त राहू नका. यंत्र जागं असतं आणि चित्र झोपलेलं असतं, असं मी बघितलंय.

आजीचं सांगायचं राहिलं. हात बरा झाला. पडवीत आता वायरचा कॅमेरा आहे, यूपीएस आहे, चित्रावर मोठ्या अक्षरांत घड्याळ आहे. दुसरा कॅमेरा मागीलदारी पाखाडीवर लावला, तिला विचारून. पहिला लावताना मी विचारलं नव्हतं, हेही कबूल करतो. तिनं अट घातली: माजघरात आणि न्हाणीकडे नाही, आणि पडवीतल्या कॅमेऱ्याचं बटण तिच्या हाताशी. चार बायका गप्पा मारायला आल्या की ती खुशाल बंद करते. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी धावपळ उडाली. आता बंद करायच्या आधी एक मिस्ड कॉल देते.

आणि पाखाडी घासून घेतली. बाजूला लोखंडी कठडा बसवला. खरं तर हे काम कॅमेऱ्याच्या आधीच करायला हवं होतं.

शिवाय रोज संध्याकाळी पाच वाजता मी फोन करतो. कॅमेरा नीट चालतो तरी करतो. परवा म्हणाली, "दिसते ना मी? मग फोन कशाला?" म्हटलं, "आजी, तुझे सेकंद मोजतोय." ती हसली आणि म्हणाली, "पैसे मोज मेल्या, वायरीला किती गेले ते."

तर मंडळी, आज रात्री जेवण झाल्यावर एवढंच करा. घरचा कॅमेरा उघडा, सेकंद पळतायत का बघा. नसतील तर घरी फोन लावा, कॅमेऱ्याचं उद्या बघू. तुमच्याकडे काय बिघडलं, काय जमलं, ते व्हॉईस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या अडचणी घेऊ. भेटू मग. पावसात सांभाळून, आणि शेवाळावर जपून पाय टाका!